दोन पडद्यांचा रहाट

मावसभाऊ भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने यायचा आणि सगळा प्रवासभर मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं एक गाठोडं घट्ट धरून बसायचा. पाण्याचा तुषार उडाला की आधी गाठोडं पोटाशी, मग स्वतःचं तोंड पुसणं. रेवसहून एसटीने अलिबाग, तिथून रेवदंडा. आजोळच्या ओटीवर तो पाय ठेवतो न ठेवतो तोच आम्ही पोरं विचारायचो, "आणलास ना?" गाठोड्यात व्हिडिओ गेम असायचा. करड्या प्लॅस्टिकचा खोका, दोन रिमोट, एक अडॅप्टर आणि एक पिवळी कॅसेट. जाणकार लोक रिमोटला कंट्रोलर आणि कॅसेटला कार्ट्रिज म्हणतात हे पुढे कळलं, पण नव्वदच्या दशकात आमच्याकडे कोणी तसं म्हणत नव्हतं, त्यामुळे इथेही रिमोट आणि कॅसेटच चालू द्या.

पहिला विधी टीव्ही लावण्याचा. कौलांवरच्या अँटेनाची वायर काढायची, खोक्याची वायर लावायची आणि ट्यूनिंगची चकती फिरवत बसायची. पडद्यावर मुंग्या, मुंग्या, आणखी मुंग्या, आणि मग एकदम निळसर चित्र उमटायचं. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. अलिबागपासून मुंबई समुद्रावरून सरळ समोर, म्हणून या किनाऱ्यावरच्या अँटेना मुंबईकडे तोंड करून उभ्या असत. खोका नेमकं त्या दूरदर्शनचंच काम चार फुटांच्या वायरीतून करत होता. आपलं चित्र तो टीव्हीच्या एखाद्या चॅनलच्या लहरींवर चढवायचा आणि टीव्हीला वाटायचं, केंद्र लागलं. म्हणजे आजीच्या माजघरात एक इवलंसं दूरदर्शन केंद्र चालू होतं आणि त्यावर दिवसभर एकच कार्यक्रम असायचा: कॉन्ट्रा.

उघड्या अंगाचा एक सैनिक वरून जंगलात उडी मारतो आणि उजवीकडे धावत सुटतो. समोरून माणसं येतात, कड्यांतून तोफा डोळे उघडतात, पूल पायाखाली फुटत जातो. एक गोळी लागली की खेळ खलास. अशी तीन लाइफ मिळतात. आकाशातून तरंगत येणारी डबी फोडली की अक्षर पडतं. एम, एफ, एल ठीक, पण 'एस' पडलं की घरातल्या सगळ्या पोरांच्या तोंडून एकदम आवाज निघायचा, कारण एसची बंदूक पंख्यासारख्या पाच गोळ्या सोडते. जपानच्या कोनामी कंपनीने हा खेळ 1987 मध्ये आधी नाण्यांवर चालणाऱ्या मोठ्या यंत्रासाठी काढला आणि 1988 मध्ये फॅमिकॉम या घरगुती यंत्रासाठी. जपानी कथेप्रमाणे तो घडतो सन 2633 मध्ये, न्यूझीलंडजवळच्या एका बेटसमूहावर. आम्हाला कथा ठाऊक नव्हती, पण बेट ओळखू आलं होतं. पहिल्याच स्टेजला खाली पाणी आहे आणि त्या पाण्यात रिमोटचं खालचं बटण दाबलं की माणूस बुडी मारतो, गोळ्या डोक्यावरून जातात. किनाऱ्यावरच्या पोरांना ही युक्ती कोणी शिकवावी लागली नाही.

माझा प्रश्न मात्र वेगळा होता आणि तो मी मावसभावाला विचारला होता. हा माणूस एवढा धावतो, मग तो टीव्हीच्या उजव्या काठातून बाहेर का जात नाही? तो म्हणाला, "तो कुठे धावतोय? मागचं जंगल सरकतंय." उत्तर बरोबर होतं. पण जंगल सरकवणं ही त्या काळात सोपी गोष्ट नव्हती, हे समजायला मला पुढे वीसेक वर्षं लागली.

त्या करड्या खोक्याचं मूळ म्हणजे निंटेंडोचं फॅमिकॉम, जपानात 15 जुलै 1983 ला 14,800 येनला विक्रीला आलेलं. आपल्याकडे घरोघर पोचल्या त्या मुख्यतः त्याच्या नकला. समुराई, मीडिया, लिटल मास्टर ही नावं आज चाळिशीत असलेल्यांना आठवतील. नक्कल करणं सोपं जाण्याचं एक कारण असं की अमेरिकेत विकलेल्या यंत्रात निंटेंडोने परवान्याची कॅसेट ओळखणारी कुलपासारखी चिप बसवली होती, मूळ जपानी यंत्रात ती नव्हतीच. नकला फॅमिकॉमच्या साठ पिनांच्या कॅसेटी घेत, म्हणून कुलूपच नाही तर किल्लीचा प्रश्न नाही. आणि नकला खपण्याचं कारण पैशांचं. सेगाचं मेगा ड्राइव्ह 1995 मध्ये शॉ वॉलेसमार्फत भारतात रीतसर आलं, तेव्हा त्याची किंमत 18,000 रुपये होती. त्या पैशांत आजोळच्या वाडीत बरंच काही झालं असतं.

आता यंत्राच्या आत जाऊ. फॅमिकॉमचा पडदा म्हणजे आडवे 256 आणि उभे 240 ठिपके, एकूण 61,440. प्रत्येक ठिपक्याचा रंग लक्षात ठेवायला एक बाइट जागा दिली तर एका चित्राला 60 किलोबाइट लागतील. यंत्राकडे चित्राचा नकाशा ठेवायला होते 2 किलोबाइट. आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगतो: मराठी मजकुरातल्या एका चिन्हाला आजच्या संगणकात सहसा तीन बाइट लागतात, म्हणजे दोन किलोबाइटांत असा एखादा परिच्छेद कसाबसा मावेल. त्यात जंगल, धबधबा, बर्फ, कारखाना आणि परग्रहावरच्या राक्षसाचं काळीज बसवायचं होतं.

उपाय गवंड्याला सुचेल असा आहे. कोकणात घर जांभ्याच्या चिऱ्यांचं बांधतात. चिरा एकाच मापाचा, घर कोणत्याही आकाराचं. फॅमिकॉमचा चिरा म्हणजे आठ बाय आठ ठिपक्यांचा तुकडा. असे 256 वेगवेगळे तुकडे पार्श्वभूमीसाठी हाताशी असतात. पडद्यावर ते आडवे 32 आणि उभे 30, म्हणजे 960 बसतात. यंत्राने लक्षात ठेवायचं ते एवढंच की कुठल्या जागी कितव्या नंबरचा चिरा आहे. 960 जागांना 960 बाइट, वर रंगांसाठी 64, एकूण 1,024. बरोबर एक किलोबाइटात एक पडदा. नकाशाच्या दोन किलोबाइटांत मग दोन पडदे शेजारी शेजारी राहतात, त्यातला आपल्याला दिसतो एकाच पडद्याएवढा भाग.

ही शेजारची रिकामी खोली कशाला, ते कळलं की सगळा खेळ कळतो. चित्र काढणाऱ्या चिपमध्ये एक आकडा ठेवलेला असतो: कुठल्या ठिपक्यापासून दाखवायला सुरुवात करायची. शून्य असेल तर डावी खोली पूर्ण दिसते. आकडा एकाने वाढवला की सगळं जंगल एक ठिपका डावीकडे सरकतं आणि उजव्या काठाला दुसऱ्या खोलीची एक बारीक फट दिसू लागते. एकही चिरा जागेवरून हलवावा लागत नाही. 256 झाले की आपण पूर्ण दुसऱ्या खोलीत असतो आणि तिच्या पलीकडे पुन्हा पहिली खोली लागते. तीच, पण दरम्यान कोणीतरी तिच्या भिंती बदललेल्या असतात.

अलिबाग किनाऱ्यावरच्या अष्टागरात ज्यांनी जुन्या विहिरीवरचा रहाट पाहिला आहे त्यांना हे लगेच दिसेल. बैल गोल फिरतो, चाक फिरतं, लोट्यांची माळ विहिरीत उतरते आणि वर येते. माळेत लोटे मोजकेच. वर आलेला लोटा पन्हळीत ओततो, रिकामा होऊन खाली जातो, भरून पुन्हा वर येतो. पाट दिवसभर वाहतो आणि पोफळीला वाटत असेल, विहिरीतून नदीच येते आहे. कॉन्ट्रामध्ये चिऱ्यांचे उभे पट्टे हे लोटे. सैनिकाच्या मागे जो पट्टा डाव्या काठाबाहेर गेला तो रिकामा लोटा. प्रोग्राम त्यात पुढच्या जंगलाचे तीस चिरे भरतो, पट्टा फिरून उजव्या काठाला येतो आणि आपल्याला दिसतं नवं झाड, नवी तोफ. दोन खोल्यांत कितीही लांबीचं जग.

हे भरणंही चोरून करावं लागतं. जुन्या टीव्हीत एक किरण डावीकडून उजवीकडे, वरून खाली ओळी रेखत जातो आणि तळाला पोचला की परत वर येतो. त्या परतीच्या वेळात, साधारण सव्वा मिलिसेकंदात, प्रोग्रामला नकाशात हात घालता येतो. इतर वेळी घातला तर पडद्यावर कचरा दिसतो. जपानी आणि अमेरिकी टीव्हीवर असा परतीचा फेरा सेकंदाला साठ वेळा होतो, आपल्या पाल पद्धतीत पन्नास वेळा. खेळाची सगळी चाल या फेऱ्यांवर मोजलेली असल्याने पन्नासच्या हिशेबाने चालणाऱ्या नकलांवर तोच खेळ, त्याच्या संगीतासकट, एक षष्ठांशाने संथ चालतो. जपान-अमेरिकेतल्या मुलांपेक्षा आपल्याला गोळी चुकवायला किंचित जास्त वेळ मिळत होता, ही गोष्ट मी मावसभावाला अजून सांगितलेली नाही. त्याला आपल्या हाताचा फार अभिमान आहे.

त्या काळातल्या कचेरीतल्या महागड्या संगणकांना मात्र हे सरकणं जमत नव्हतं. त्यांच्यात चिरे आणि सरकपट्टीची ही सोय खेळांच्या दृष्टीने बसवलेली नव्हती. 1990 मध्ये जॉन कारमॅक या अमेरिकी तरुणाने फक्त बदललेले तुकडे नव्याने रंगवण्याची युक्ती काढून साध्या पीसीवर निंटेंडोच्या मारिओ या खेळासारखं गुळगुळीत सरकणं करून दाखवलं, तेव्हा त्याच्या सोबत्यांना तो चमत्कार वाटला. निंटेंडोकडे त्यांनी मारिओ पीसीवर आणण्याचा प्रस्तावही पाठवला; निंटेंडोने नाही म्हटलं. आजीच्या माजघरातला प्लॅस्टिकचा खोका या एका बाबतीत पीसीच्या सात वर्षं पुढे होता.

अर्थात रहाटाचं चाक जसं एका दिशेनेच फिरवतात तसंच कॉन्ट्राचं जंगल. मागे जाता येत नाही. डावा काठ भिंतीसारखा पाठीशी येत राहतो. पुढेच जायचं ठरवलं की प्रोग्रामचं ओझं हलकं होतं: एकाच बाजूला पट्टे भरायचे, आणि मागे कोण मेलं, कुठली तोफ फुटली याची नोंद ठेवायची गरज नाही. कामाची स्मृतीही दोनच किलोबाइट असलेल्या यंत्राला ही मोठी सोय. शत्रूही असेच, पडदा अमुक ठिकाणी आला की अमुक जागेवरून निघणारे. ठरलेल्या जागेवरून ठरलेली तोफ डोळा उघडते. म्हणून या खेळात चपळाईपेक्षा पाठांतर जास्त चालतं. मावसभाऊ तोफ दिसायच्या आधीच उडी मारून हवेत असायचा आणि आम्हाला तो मोठा जादूगार वाटायचा. खरं म्हणजे त्याने ते जंगल पाढ्यांसारखं घोकलं होतं.

आडव्या सरकणाऱ्या नेमबाजीची परंपरा कॉन्ट्राच्या आधीची आहे. 1981 मध्ये युजीन जार्विसने विल्यम्स कंपनीसाठी डिफेंडर केला, त्यात विमान दोन्हीकडे जाऊ शकत होतं. त्याच वर्षी कोनामीच्या स्क्रॅम्बलने ते स्वातंत्र्य काढून घेतलं; जमीन आपल्या गतीने सरकते, तुम्ही फक्त जगायचं. 1985 मध्ये कोनामीचा ग्रेडियस आला आणि पुढच्या वर्षी तो फॅमिकॉमवर उतरवला. तेव्हा यंत्राची दुसरी अडचण पुढे आली. जमीन चिऱ्यांची, पण हलणाऱ्या वस्तू, म्हणजे विमान, गोळ्या, शत्रू, वेगळ्या तुकड्यांच्या असतात, त्यांना स्प्राइट म्हणतात. फॅमिकॉम एका वेळी 64 स्प्राइट दाखवतो आणि एका आडव्या ओळीत फक्त आठ. नववा आला तर तो त्या ओळीत दिसतच नाही. एका माणसालाच दोन-तीन तुकडे शेजारी लागतात, तेव्हा दोन खेळाडू आणि समोरून तिघे एका रेषेत आले की संपलंच. मोठ्या यंत्रावरच्या ग्रेडियसमध्ये विमानामागे चार साथीदार गोळे फिरत, घरच्या ग्रेडियसमध्ये दोनच ठेवावे लागले.

यावर प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा तोडगा म्हणजे स्प्राइटांची रांग दर फेऱ्याला बदलायची, म्हणजे या खेपेस एक गाळला जातो, पुढच्या खेपेस दुसरा. सगळे दिसतात, पण लुकलुकत. आम्ही त्याला कॅसेट खराब झाली म्हणायचो. गोळी दिसली नाही आणि लागली म्हणून किती भांडणं झाली! भांडणाऱ्याचं म्हणणं खरं असण्याची पुरेशी शक्यता होती. गोळी होती, फक्त त्या क्षणी तिला दिसायची पाळी नव्हती.

चिऱ्यांची भिंत एकसंध सरकते, हीसुद्धा या यंत्राची मर्यादा. अलिबागहून मुरुडला एसटीच्या खिडकीत बसा. कडेची माडाची झाडं सपासप मागे जातात, खाडीपलीकडचा डोंगर रेंगाळतो, समुद्रातला जंजिरा बराच वेळ जागचा हलत नाही. डोळ्याला अंतर कळतं ते या वेगांच्या फरकामुळे. इरेम कंपनीच्या 1982 च्या मून पेट्रोल या खेळात हे दिसतं, मेगा ड्राइव्हमध्ये त्यासाठी पार्श्वभूमीचे दोन स्वतंत्र पडदेच होते. फॅमिकॉमकडे एकच. म्हणून कॉन्ट्राच्या जंगलात दूरचं झाड आणि पायाखालचा दगड एकाच चालीने सरकतात. पण कोनामीने जपानी कॅसेटमध्ये स्वतःची एक जादा चिप घातली होती आणि तिच्या जोरावर चिऱ्यांची चित्रंच बदलत ठेवली; त्या आवृत्तीत पहिल्या स्टेजची झाडं वाऱ्याने हलतात. अमेरिकी कॅसेटमधून ती चिप काढली आणि वारा पडला. मी पहिल्यांदा ती हलणारी झाडं पाहिली तेव्हा चाळिशीला आलो होतो, आणि खुर्चीत जरा पुढे सरकून बसलो.

संपूर्ण अमेरिकी कॉन्ट्रा 128 किलोबाइटांत आहे. आठ स्टेज, संगीत, सगळं. फोनने काढलेला एक साधा फोटो त्याच्या कितीतरी पट जागा खातो. यंत्राला कॅसेटमधले 32 किलोबाइटच एका वेळी दिसतात, म्हणून कॅसेट 16-16 किलोबाइटांचे कप्पे अदलाबदल करून समोर धरते. चोर कॅसेटवाल्यांनी हीच युक्ती पुढे नेली: मोठ्या चिपमध्ये अनेक खेळ भरायचे, वर एक यादी ठेवायची. आमच्या पिवळ्या कॅसेटवर 'नव्व्याण्णव लाख एकमध्ये' अशा थाटाचा आकडा छापलेला होता. प्रत्यक्षात खेळ दहाबाराच. बाकी ओळी म्हणजे तेच खेळ, कुठे तिसऱ्या स्टेजपासून सुरू, कुठे लाइफ जास्त. आम्ही एका दुपारी शंभर ओळी तपासून पाहिल्या आणि पुढे नाद सोडला. मग एका धाडसी दुपारी कॅसेटच उघडली. आत एवढीशी हिरवी पट्टी आणि तिच्यावर डांबराच्या ठिपक्यासारखा काळा गोळा. उघडी चिप पट्टीवरच चिकटवून वर राळेचा थेंब टाकायचा, हा स्वस्तातला मार्ग. जंगल त्या थेंबात आहे हे कोणाला पटलं नाही.

खाऱ्या हवेत ती पट्टी टिकायची नाही. दोन दिवस कॅसेट बाहेर राहिली की तिच्या तांबूस दातांवर मळकट थर चढायचा आणि पडद्यावर नुसते चौकोन. मग फुंकर. अख्ख्या जगातली पोरं फुंकर मारत होती आणि अख्ख्या जगातली चुकत होती. फुंकरीने थुंकीची वाफ आत जाते, गंज वाढतो. फुंकल्यावर चालू होतं, कारण काढून परत घातल्याने दात घासले जाऊन नव्या जागी टेकतात. आमच्या मामाने कंपासपेटीतला खोडरबर घेऊन दात घासून दिले तेव्हा कॅसेट आठवडाभर चालली. मामाला खेळात काही रस नव्हता. वाडीतल्या पंपाचे काँटॅक्ट तो तसेच साफ करायचा.

दोघांनी मिळून खेळताना सगळ्यात मोठं भांडण तिसऱ्या स्टेजला. तिथे धबधबा आहे आणि पडदा उजवीकडे नव्हे, वर सरकतो. पुढचा गडी उड्या मारत वर गेला की मागच्याच्या पायाखालचा खडक पडद्याबाहेर जातो, आणि पडद्याबाहेर गेलेली जमीन या यंत्रात नसतेच. मागचा पडतो, मरतो. रहाटाच्या माळेतून लोटा निघाला, आणि त्यावर माझा भाऊ उभा होता.

तीन लाइफमध्ये आठवी स्टेज आमच्यातल्या कोणालाच दिसली नसती. पण वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए, आणि मग स्टार्ट. पहिल्या चित्रावर हे वेळेत दाबलं की तीस लाइफ. हा मंत्र मुळात ग्रेडियसचा. काझुहिसा हाशिमोतो नावाचे गृहस्थ तो खेळ फॅमिकॉमवर उतरवत होते. तपासायला म्हणून खेळायचे, पण खेळ इतका अवघड की त्यांना स्वतःलाच पुढे जाता येईना. म्हणून त्यांनी लक्षात राहील असा बटणांचा क्रम टाकला, ज्याने सगळी हत्यारं मिळतात. विक्रीआधी तो काढायचा राहिला, आणि कोनामीने पुढे तो अनेक खेळांत मुद्दाम ठेवला. हाशिमोतो फेब्रुवारी 2020 मध्ये वारले. रेवदंड्याला हा मंत्र कुठून पोचला ते कळायला मार्ग नाही; आमच्यापर्यंत तो तळ्यावर पोहायला येणाऱ्या एका मोठ्या मुलाकडून, कैऱ्यांच्या बदल्यात आला.

तीस लाइफ घेऊन सातव्या स्टेजला पोचलो होतो. वरून लोखंडी पंजे आपटत होते, बाजूला आजी ताटं मांडत होती, आणि लाइट गेली. दोन किलोबाइटांच्या त्या स्मृतीला वीज लागते. वीज गेली की लाइफ, स्टेज, गुण, सगळं त्याच क्षणी पुसलं जातं, आणि या कॅसेटीत कुठे जपून ठेवायची सोय नव्हती. अंधारात मावसभावाचा आवाज आला, "रिमोट खाली ठेवू नकोस." तासाभराने लाइट आली, मुंग्यांतून निळसर चित्र उमटलं, आणि त्याचा अंगठा आधीच वर-वर-खाली-खाली करत होता.